पट्ट्यांच्या मात्रा

वाचनालय उघडायला अजून अर्धा तास होता. देवघेवीच्या टेबलावर आम्ही नवे स्टिकर मांडून ठेवले होते. वर वाचनालयाचं नाव, भोवती नाजूक चौकट, मधोमध काळ्याभोर उभ्या पट्ट्या, खाली पुस्तकाचा दाखल क्रमांक. दिसायला देखणे. ग्रंथपाल ताईंनी नवाकोरा स्कॅनर उचलला, पहिल्या स्टिकरवर लाल रेघ पाडली आणि बटण दाबून ठेवलं. काही नाही. दुसराही मुका. तिसऱ्यावर ‘टुक्’ असा आवाज आला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले, पण चौथा पुन्हा मुका. मग कोणीतरी खिशातून फोन काढला. फोनने चौथा स्टिकर झटकन वाचला.

“बघा, स्टिकर चांगलेच आहेत. स्कॅनरच खराब दिसतोय,” ताई म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. स्कॅनर बदलून आणला. नवाही तसाच वागला. तेव्हा कुठे आम्ही स्टिकरकडे संशयाने पाहिलं.

पुढचे काही दिवस मी भिंग, पट्टी आणि कागद-पेन्सिल घेऊन त्या पट्ट्या मोजत बसलो. त्यातून जे कळलं ते कोणत्याही छोट्या वाचनालयाला, दुकानाला किंवा बचत गटाला उपयोगी पडेल असं आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी एक शंका दूर करतो, कारण आमच्याकडे प्रत्येक सभासदाने ती विचारली. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापील बारकोड असतोच, मग आणखी एक कशाला? तो बारकोड आयएसबीएनचा असतो. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला. भारतात निघालेल्या पुस्तकांवर तो बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. पण तो क्रमांक आवृत्तीचा असतो, प्रतीचा नसतो. एकाच कादंबरीच्या पाच प्रती घेतल्या तर पाचही प्रतींवर तेच १३ आकडे. कोणती प्रत कोणाकडे गेली, कोणती हरवली, हे त्यावरून कळणार नाही. प्रतीची ओळख फक्त दाखल नोंदवहीतल्या क्रमांकाने पटते, आणि तो क्रमांक वाचनालयानेच पुस्तकावर लावायचा असतो.

आता पट्ट्यांकडे वळू. बारकोड काळ्या रेषांचा असतो असं आपल्याला वाटतं. स्कॅनरच्या लेखी पांढऱ्या पट्ट्या तितक्याच महत्त्वाच्या असतात. त्याचा प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. पांढऱ्यावरून परततो, काळ्यात मुरतो. प्रकाश किती वेळ परत आला आणि किती वेळ मुरला, एवढंच त्याला समजतं. म्हणजे त्याच्या हाती लागते ती निव्वळ रुंदींची मालिका: काळी, पांढरी, काळी, पांढरी.

शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. कोड ३९ नावाचा एक जुना बारकोड आहे. त्यात प्रत्येक अक्षरासाठी नऊ पट्ट्या असतात, पाच काळ्या आणि चार पांढऱ्या. त्या नऊंपैकी तीन रुंद, बाकीच्या अरुंद. हा सरळ लगक्रम आहे: अरुंद पट्टी लघू, म्हणजे एक मात्रा; रुंद पट्टी गुरू. ‘ए’ की ‘बी’ हे कोणत्या जागी गुरू आला यावर ठरतं. छंदशास्त्रात गुरू दोन मात्रांचा असतो. कोड ३९ मध्ये तो दोनपासून तीन मात्रांपर्यंत कितीही ठेवता येतो, फक्त एका बारकोडमध्ये सगळे गुरू सारखे हवेत.

कोड १२८ हा मात्रावृत्तासारखा चालतो. शेवटचं चिन्ह सोडलं तर प्रत्येक चिन्हात तीन काळ्या आणि तीन पांढऱ्या पट्ट्या, एकेक पट्टी एक ते चार मात्रांची, आणि सहांची बेरीज नेहमी ११ मात्रा. दुकानातल्या वस्तूंवरचा ईएएन-१३ याच जातीचा; तिथे एका अंकाला सात मात्रा मिळतात.

कविता विलंबित म्हटली काय किंवा द्रुत म्हटली काय, लघू-गुरूचं प्रमाण राहिलं तर वृत्त ओळखू येतं. स्कॅनर हातात हलतो, कधी जवळ, कधी दूर, तरी तो बारकोड वाचतो याचं कारण हेच. त्याला मिलिमीटर लागत नाहीत, प्रमाण लागतं. आणि प्रमाण बिघडवण्याची ताकद सर्वांत जास्त असते ती छपाईत.

गंमत अशी की बारकोडच्या इतिहासालाही छपाईनेच वळण दिलं. १९४८ साली फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानावर एका किराणा साखळीच्या अधिकाऱ्याची मागणी पडली: मालाची माहिती गल्ल्यावर आपोआप वाचणारं काही तयार करता येईल का? त्याचा मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड या प्रश्नाने झपाटला. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेला असताना त्याने वाळूत मोर्स लिपीचे ठिपके आणि रेघा काढल्या आणि बोटांनी त्या खाली ओढल्या. ठिपक्यांच्या बारीक रेषा झाल्या, रेघांच्या जाड. दोघांनी १९४९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळालं. त्यात सरळ रेषांबरोबर एकात एक वर्तुळंही होती, कारण वर्तुळ कोणत्याही दिशेने वाचता येतं.

पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या किराणा उद्योगाने एकच बारकोड ठरवायचं मनावर घेतलं, तेव्हा वर्तुळ हा तगडा उमेदवार होता. आयबीएममधल्या जॉर्ज लॉरर यांनी मात्र सरळ रेषांची बाजू घेतली. छापखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई थोडी फरफटते. वर्तुळ असेल तर ते कुठेतरी फासलं जाणारच. सरळ रेषा कागदाच्या धावण्याच्या दिशेतच ठेवल्या, तर फरफटलेल्या शाईने त्या फक्त किंचित लांब होतात; त्यांची रुंदी शाबूत राहते. १९७३ मध्ये त्यांचा आराखडा निवडला गेला आणि २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा स्कॅन झाला.

त्या आराखड्यात आणखी एक शहाणपण आहे, आणि मला ते सर्वांत आवडतं. शाई पसरली की काळी पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच फुगते आणि शेजारची पांढरी तेवढीच आकसते. पण एका काळ्या पट्टीच्या डाव्या काठापासून पुढच्या काळ्या पट्टीच्या डाव्या काठापर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, कारण दोन्ही काठ एकाच दिशेला सारखेच सरकले. त्या आराखड्यावरून पुढे घडलेला ईएएन आणि कोड १२८ यांतली चिन्हं मुख्यतः अशा काठ-ते-काठ अंतरांवरून ओळखली जातात. (ईएएनमध्ये १ आणि ७, तसंच २ आणि ८ या जोड्यांत ही अंतरं सारखी येतात, तिथे मात्र पट्टीची रुंदीही पाहावी लागते.) म्हणजे सगळीकडे सारखी झालेली चूक हे बारकोड सोसतात. इथे जास्त, तिथे कमी अशी चूक त्यांना सोसत नाही. प्रिंटरच्या आणि सॉफ्टवेअरच्या ज्या ज्या सेटिंगला आपण हात लावतो, त्या प्रत्येकात खरी काळजी घ्यायची ती विषम चूक न होऊ देण्याची.

आमच्याकडे नेमकी तीच झाली होती.

लेबल छापणारे थर्मल प्रिंटर ठिपक्याठिपक्यांनी छापतात. बाजारात सर्रास मिळणारा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके. एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. अर्धा ठिपका छापता येत नाही. प्रिंटहेडमधला तापणारा बिंदू एक तर तापतो नाहीतर तापत नाही. तेव्हा एका मात्रेला किती ठिपके, याचं उत्तर पूर्ण संख्येतच असायला हवं.

आम्ही काय केलं होतं? एका संकेतस्थळावरून बारकोडचं चित्र तयार करून घेतलं, लेबलच्या फाइलमध्ये चिकटवलं आणि कोपरा धरून छान बसेपर्यंत ओढलं. त्या बारकोडमध्ये एकूण ९० मात्रा होत्या आणि ओढून त्याची रुंदी झाली होती ३० मिलिमीटर, म्हणजे २४० ठिपके. २४० भागिले ९०: मात्रेला २.६७ ठिपके. प्रिंटर ०.६७ ठिपका आणणार कुठून? त्याने कुठे तीन दिले, कुठे दोन. एक मात्रेची पट्टी एका जागी दोन ठिपक्यांची, दुसऱ्या जागी तीनची. दोन मात्रांची कुठे पाच, कुठे सहा. तीन ठिपक्यांच्या लघूशेजारी पाच ठिपक्यांचा गुरू उभा राहिला की वृत्त ओळखायचं कसं? शिवाय प्रत्येक दाखल क्रमांकाच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे ही तूट प्रत्येक स्टिकरवर वेगळ्या जागी पडत होती. एखादा नशिबाने वाचला जाई, चार मुके राहत. फोनला ते जमत होतं, कारण फोन एकापाठोपाठ एक अनेक फोटो घेतो आणि त्यांवर बराच वेळ डोकं चालवतो. देवघेवीच्या रांगेत तेवढी सवड नसते.

उपाय साधा आहे. बारकोड चित्र म्हणून चिकटवायचा नाही. लेबलच्या सॉफ्टवेअरला क्रमांक द्यायचा आणि बारकोड त्यालाच काढू द्यायचा. तिथे मात्रेची रुंदी ठिपक्यांत मागतात: दोन, तीन, चार. बारकोडची एकूण रुंदी आपण ठरवायची नसते. मात्रेचे ठिपके ठरले की रुंदी जी येईल ती येईल. ती लेबलवर मावत नसेल तर लेबल बदला किंवा मजकूर कमी करा. चित्रच वापरावं लागलं तर ते एसव्हीजीसारख्या रेषांच्या रूपात घ्यावं, किंवा प्रिंटरच्याच डीपीआयला निव्वळ काळं-पांढरं पीएनजी. जेपीजीमध्ये काठांशी करडी धूळ जमते. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती आणखी दाबली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

ज्यांच्याकडे थर्मल प्रिंटर नाही ते एका पानावर ६५ स्टिकर असलेले ए-फोर कागद आणून लेझर प्रिंटरवर छापतात. काम होतं. मात्र छापताना ‘फिट टू पेज’ ही खूण काढून आकार १०० टक्के ठेवावा. ती खूण राहिली आणि पान ९७ टक्क्यांवर आलं, तर २१.२ मिलिमीटर उंचीच्या १३ ओळींत शेवटच्या ओळीपर्यंत आठ मिलिमीटरचा फरक साचतो. मजकूर घसरलेला निदान डोळ्यांना दिसतो. पट्ट्या घसरलेल्या दिसत नाहीत.

आमच्या ९० मात्रा आल्या कुठून हेही पाहण्यासारखं आहे. पुस्तकाचा क्रमांक आणि सभासदाचा क्रमांक एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही सहा अंकांआधी इंग्रजी एल हे अक्षर लावलं होतं. कोड १२८ ला अंकांची एक खास सवलत आहे: एका चिन्हात दोन अंक बसतात. पण अक्षर आलं की त्याला वेगळं चिन्ह, आणि अक्षरांकडून अंकांच्या जोड्यांकडे वळायला आणखी एक. हिशेब असा होतो: सुरुवातीचं चिन्ह, एल, वळणाचं चिन्ह, अंकांच्या तीन जोड्या, तपासणीचं चिन्ह, अशी सात चिन्हं प्रत्येकी ११ मात्रांची, आणि शेवटचं १३ मात्रांचं. एकूण ९०. एल काढून टाकलं की उरतात ६८.

याहून मजेशीर गोष्ट पाच अंकांची आहे. आमच्या नोंदवहीत दाखल क्रमांक पाच अंकी होते; स्टिकरवर एलनंतर सहा अंक व्हावेत म्हणून त्यांच्यापुढे शून्य लावलं होतं. १२४५७ हा क्रमांक कोड १२८ मध्ये ७९ मात्रा घेतो, कारण शेवटचा ७ एकटा पडतो आणि त्याच्यासाठी वळणाचं चिन्ह लागतं. तोच ०१२४५७ असा सहा अंकी लिहिला की ६८ मात्रांत बसतो. आकडा लांबवला आणि बारकोड आखूड झाला! ताईंना हे मी कागदावर चिन्हं मोजून दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्याच क्रमांकांना सहा अंकी करायचं ठरवून टाकलं: पुस्तकांचे शून्याने सुरू होणारे, सभासदांचे नऊने. एलची गरजच उरली नाही.

कोड ३९ घ्यावा का, हा प्रश्न आमच्यासमोरही आला, कारण त्याचा फॉन्ट फुकट मिळतो आणि क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टंकली की काम भागतं. त्याला जागा मात्र फार लागते. गुरू तीन मात्रांचा ठेवला तर सहा अंकांना १२७ मात्रा. गुरू अडीच मात्रांचा केला तर ११५ वर येतो, आणि मात्रेला दोन ठिपके असतील तर अडीच मात्रा म्हणजे नेमके पाच ठिपके, हिशेब जुळतो. मात्रेला तीन ठिपके असताना अडीचचं प्रमाण ठेवू नये. साडेसात ठिपके होतात आणि पुन्हा तीच विषम चूक. शिवाय कोड ३९ मध्ये तपासणीचं चिन्ह सक्तीचं नाही, आणि काठ-ते-काठ ही युक्तीही त्याला लागू नाही. जुनं सॉफ्टवेअर दुसरं काही समजत नसेल तरच तो घ्यावा, असं माझं मत आहे.

६८ मात्रा, प्रत्येकी तीन ठिपके: २०४ ठिपके, म्हणजे २५.५ मिलिमीटर. आमचं लेबल ३८ मिलिमीटर रुंद. म्हणजे बरीच जागा उरते असं वाटेल. ती उरलेली नसते. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी दहा-दहा मात्रा कोरा कागद लागतो. गाणं सुरू होण्याआधीची शांतता असावी तसा. त्या शांततेवरून स्कॅनर ओळखतो की आता पहिली पट्टी येणार. आमच्या हिशेबात ही जागा एका बाजूला ३.७५ मिलिमीटर, दोन्ही मिळून बारकोड ३३ मिलिमीटरचा होतो आणि ३८ मध्ये मावतो. पण आमच्या जुन्या स्टिकरवर ती नाजूक चौकट होती ना, ती पट्ट्यांपासून जेमतेम एक मिलिमीटरवर होती. स्कॅनरला तिची उभी रेषा आणखी एक पट्टीच वाटत होती. चौकट गेली. ज्यांनी ती हौसेने काढली होती त्यांना वाईट वाटलं, पण ती गेल्याशिवाय इलाज नव्हता.

पट्ट्यांची उंची ही वेगळी बाब आहे. उंचीत माहिती नसते. वरची रेघ पुसली तरी खालून वाचता यावं, स्कॅनर तिरका धरला तरी त्याची रेघ पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत पोचावी, एवढ्यासाठी ती हवी. हातातल्या स्कॅनरसाठी आम्ही दहा मिलिमीटर ठेवली, ती पुरते.

मग प्रिंटरचा डार्कनेस. छपाई फिकी वाटली की माणूस तो वाढवतो, आम्हीही अगदी टोकाला नेला होता. जास्त उष्णतेने पट्ट्या फुगतात आणि मधल्या एक मात्रेच्या पांढऱ्या फटी बुजायला लागतात. डोळ्यांना ते ठसठशीत दिसतं. स्कॅनरला फट दिसेनाशी होते. काही प्रिंटरांवर हा आकडा पंधरापर्यंत जातो, काहींवर तीसपर्यंत, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नाही. वेग कमी ठेवून डार्कनेसच्या पाच-सहा पायऱ्यांवर एकच लेबल छापावं, भिंगातून पाहावं, आणि काळ्यात खाडे नाहीत अशी सर्वांत खालची पायरी निवडावी. एका वेळी एकच सेटिंग बदलावी, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

लेबलवर पट्ट्यांची दिशा कोणती? पट्ट्या कागद पुढे सरकण्याच्या दिशेतच असाव्यात, कुंपणाच्या गजांसारख्या. लॉरर यांचा छापखान्यातला न्याय इथेही लागतो: उष्णता मागे रेंगाळली तरी पट्टी फक्त लांब होते. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या टाकल्या तर तीच उष्णता प्रत्येक पट्टीची मागची कड जाड करते. गजांच्या दिशेत एक धोका असतो. प्रिंटहेडचा एखादा बिंदू जळला किंवा त्यावर धूळ बसली, तर सगळ्या लेबलांवरून एक बारीक पांढरी रेघ उभी धावते आणि नेमकी एखाद्या पट्टीच्या पोटातून जाते. अशी रेघ दिसली की सेटिंगशी झगडू नये, स्पिरिटने हेड पुसावं.

कागदाबद्दल एकच सांगतो, पण कळकळीने. रिबनशिवाय छापला जाणारा, उष्णतेने काळा होणारा कागद स्वस्त पडतो. कुरिअरच्या पाकिटाला तो ठीक. पुस्तकाला नाही. उन्हाने, उष्णतेने तो फिका पडतो, आणि त्यावर प्लास्टिकचं कव्हर किंवा पारदर्शक टेप आली तर त्यातल्या रसायनांनी आणखी लवकर पुसट होतो. आपल्या वाचनालयांत पुस्तकाला कव्हर घालणं हा तर नित्याचा शिरस्ता. पुस्तक पन्नास वर्षं टिकणार असेल, तर लेबल साध्या क्रोमो कागदावर रिबनने छापलेलं असावं, आणि वरून चमकणारी टेप लावू नये. ती स्कॅनरचा प्रकाश आरशासारखा परतवते.

क्रमांकांची यादी एक्सेलमध्ये केली असेल तर तिथेही एक खड्डा आहे. शून्याने सुरू होणारा आकडा लिहिला की एक्सेल पुढचं शून्य खातं. तेरा अंकी आकडा ते घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की दाखवलेलं रूपच साठतं. मागचे आकडे कायमचे जातात. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करावा, मग आकडे भरावेत. क्रम उलटा झाला तर गेलेलं शून्य परत येत नाही.

आणि एक अडचण खास आपली. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच जोडला जातो. वाचलेला मजकूर तो कळा दाबल्यासारखा पाठवतो. ताईंच्या संगणकावर पुस्तकांची नावं मराठीत भरायची म्हणून इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू असे. त्यामुळे जुने एलवाले स्टिकर वाचले जात तेव्हाही पडद्यावर एलच्या जागी ‘थ’ उमटे, कारण इनस्क्रिप्टमध्ये मोठा एल म्हणजे ‘थ’. काही कीबोर्डांत आकडेही देवनागरी उमटतात, आणि संगणकाच्या दृष्टीने देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन निरनिराळी चिन्हं आहेत. त्याला पुस्तक सापडत नाही. बारकोडच्या पोटात इंग्रजी आकडेच घालावेत, खाली माणसांसाठी छापायचा क्रमांक खुशाल देवनागरीत ठेवावा, आणि देवघेवीच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा.

स्कॅनरलाही सेटिंग असतात. त्याच्या पुस्तिकेत छापलेले बारकोड वाचवले की त्या बदलतात. आम्ही दोन बदलल्या. वाचून झाल्यावर ‘एंटर’ आपोआप जावं ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: देवघेवीच्या टेबलावरच्या स्कॅनरमध्ये ईएएन-१३ वाचणं बंद केलं. नाहीतर मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन शेजारी असला की तो आधी तोच टिपतो. नवी पुस्तकं दाखल करण्याच्या टेबलावर मात्र तो सुरू ठेवला, तिथे आयएसबीएन लागतोच.

हे सगळं चालू असताना आमच्या सभासद असलेल्या एक ताई मसाल्याची पाकिटं घेऊन आल्या. त्या बचत गट चालवतात, आणि मोठ्या दुकानात माल ठेवायचा तर बारकोड हवा असं त्यांना सांगितलं गेलं होतं. वाचनालयाचा बारकोड घरातला असतो, क्रमांक आपणच ठरवतो. दुकानातल्या मालाचं तसं नाही. तो क्रमांक जगात एकमेव असावा लागतो, म्हणून भारतात तो जीएस-१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो आणि ८९० ने सुरू होतो. ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नाही. क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

त्या क्रमांकातल्या तेराव्या, तपासणीच्या अंकाची गंमत त्यांनाही आवडली. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जो अंक लागेल तो तेरावा. सरावासाठी ८९०१२३४५६७८९ घेऊन पाहिलं: बेरीज बरोबर १३० आली, म्हणजे तेरावा अंक शून्य. एक अंक चुकला तर ही तपासणी तो हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडते. मात्र त्या दोन अंकांत पाचचा फरक असेल, जसे २ आणि ७, तर तिला कळत नाही.

ईएएन-१३ मध्ये पट्ट्यांच्या ९५ मात्रा, डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मात्रा कोरा कागद, एकूण ११३. मूळ आकारात मात्रा ०.३३ मिलिमीटरची, आणि हा आकार ८० टक्क्यांपर्यंत कमी किंवा २०० टक्क्यांपर्यंत जास्त चालतो. आता २०३ डीपीआयचा प्रिंटर घ्या. दोन ठिपक्यांची मात्रा ०.२५ मिलिमीटर, ती ८० टक्क्यांच्या खाली जाते. तीन ठिपक्यांची ०.३७५, मग बारकोड ४२.४ मिलिमीटर रुंद होतो आणि ३८ च्या लेबलवर मावत नाही. त्यांनी ३८ चे रोल आधीच आणून ठेवले होते. आम्ही सांगितलं, ते वाचनालयाला द्या, आम्हाला लागतातच. तुम्ही ५० रुंदीचे घ्या.

त्यांचं तिखटाचं पाकीट पारदर्शक होतं आणि गोड्या मसाल्याचंही. पुढे पाकिटावरच छपाई करायचा विचार होता, आणि अक्षरं लाल शाईत. इथे स्कॅनरचा स्वभाव आठवावा लागतो. त्याचा प्रकाश बहुधा लाल असतो. लाल शाई तो प्रकाश पांढऱ्या कागदाइतकाच परतवते, त्यामुळे पांढऱ्यावर लाल पट्ट्या त्याला दिसतच नाहीत. उलट लाल किंवा पिवळ्या कागदावर काळ्या पट्ट्या उत्तम दिसतात. (हे कळल्यावर आम्ही बालविभागाची लेबलं पिवळ्या कागदावर काढली.) पारदर्शक पाकिटात मागचा मसालाच पार्श्वभूमी होतो, तिखटावर कदाचित निभावेल, काळसर गोड्या मसाल्यावर काळ्या पट्ट्या बुडून जातील. आधी पांढरा पट्टा छापून घ्यावा, त्यावर काळा बारकोड. लोणच्याच्या बारीक बाटलीवर लावायचा तर तो आडवा फिरवावा, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या. नाहीतर टोकाच्या पट्ट्या गोलाईमागे लपतात.

छापलेलं चांगलं आहे की नाही हे कसं ठरवायचं? मोठे कारखाने मोजणी यंत्र वापरतात, ते ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देतं. आमच्यासारख्यांनी पट्टी घ्यावी. पहिल्या पट्टीच्या डाव्या काठापासून शेवटच्या पट्टीच्या उजव्या काठापर्यंतची रुंदी मोजावी आणि हिशेबाशी ताडून पाहावी. आमची २५.५ यायला हवी होती. २५ च्या आत आली असती तर कुठेतरी काहीतरी ताणलं-दाबलं गेलं आहे हे कळलं असतं. मग घरात असेल तो सर्वांत जुना, सर्वांत कुरकुर करणारा स्कॅनर घ्यावा आणि प्रत्येक दहाव्या लेबलावर तीनदा चालवावा. पहिल्या झटक्यात वाचलं तरच पास. फोनची साक्ष धरू नये.

दुसऱ्या फेरीची लेबलं एका रविवारी छापली. ग्रंथपाल ताई एकेक उचलत होत्या, स्कॅनर ‘टुक्’ करत होता, मी दाखल नोंदवहीत खूण करत होतो. संपूर्ण रोल झाला, एकही मुका निघाला नाही. ताईंनी उठून एक जाड कार्ड घेतलं, स्केचपेनने लिहिलं आणि प्रिंटरच्या झाकणावर चिकटवलं. ते अजून तिथे आहे: मात्रा ३ ठिपके. सहा आकडे. चौकट नाही. डार्कनेस ९. रिबन तपासा. कीबोर्ड इंग्रजी.